दंडाच्या पावतीनंतर

तालुक्याच्या कोर्टात ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’चं प्रकरण पुकारलं जातं तेव्हा मागच्या बाकांवरची एकही मान वर होत नाही. माणूस पिंजऱ्यात येऊन उभा राहतो. कागदावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, सोबत श्वास तपासणीच्या यंत्रातून निघालेली बोटभर पट्टी, तिच्यावर मिलिग्रॅमचा आकडा, खाली हवालदाराची आणि त्याची स्वतःची सही. गुन्हा कबूल आहे का? कबूल आहे, साहेब. दंडाची रक्कम सांगितली जाते, बरोबर आलेला मेहुणा नाहीतर गाडीमालक नोटा मोजून देतो, पावती मिळते, परवाना सहा महिने गेला असं कळतं, आणि माणूस बाहेर पडतो. आज संध्याकाळी तो काय करणार, उद्या पहाटे कुणाची गाडी घेऊन निघणार, हे विचारायला त्या इमारतीत कुणाला नेमलेलंच नाही.

पुढची पानं या न विचारलेल्या प्रश्नावर आहेत. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात धाडायचं नाही, नुसता दंड घेऊन सोडूनही द्यायचं नाही. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ अटींवर मोकळं ठेवायचं, आणि त्या काळात एका जबाबदार माणसाने त्याच्यावर लक्ष ठेवायचं, अडला तर हात द्यायचा, अशी सोय आपल्या कायद्यात आहे. ती नवी नाही. मुंबई इलाख्याने १९३८ मध्येच त्यासाठी स्वतःचा कायदा केला होता. देशभरासाठीचा अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चा. बोलताना आपण सगळे त्याला प्रोबेशनच म्हणतो. त्याच्या चौथ्या कलमात कोणत्या अटी घालता येतील हे सांगताना राहण्याच्या ठिकाणापाठोपाठ नशेपासून दूर राहण्याची अट स्पष्ट शब्दांत लिहिली आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दारुडा माणूस होता, याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. बांधावरून झालेल्या मारामारीत किंवा किरकोळ चोरीत वकील कलम ४ चा अर्ज देतात. मीही दिले. कलम १८५ मध्ये असा अर्ज माझ्या पाहण्यात क्वचितच आला. कारण उघड आहे. अशिलाला आजच्या आज सुटायचं असतं, वकिलाला पुढची तारीख नको असते, आणि दंड हा सगळ्यांनाच सोयीचा रस्ता वाटतो.

ही कल्पना जिथे जन्मली तिथेही सुरुवात एका दारुड्यापासूनच झाली. १८४१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट तयार करणारा कारागीर पोलीस कोर्टात बसला होता. फाटक्या कपड्यातल्या एका व्यसनी माणसाला आत आणलं गेलं. त्याची रवानगी सुधारगृहात होणार हे ठरल्यासारखंच होतं. ऑगस्टस त्याच्याशी दोन शब्द बोलला, पुन्हा पिणार नाही असं वचन त्याच्याकडून घेतलं आणि त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो माणूस कोर्टात परत आला तेव्हा ओळखू येत नव्हता. न्यायाधीशाने त्याला एक सेंट दंड आणि खर्च एवढ्यावर सोडलं. पुढची सतरा-अठरा वर्षं, मरेपर्यंत, ऑगस्टस हे काम करत राहिला. जवळजवळ दोन हजार माणसांना तो जामीन राहिला. त्याला पगार नव्हता आणि कोर्टात कसलं पदही नव्हतं. मॅसॅच्युसेट्स राज्याने पगारी प्रोबेशन अधिकारी नेमण्याचा कायदा केला तो १८७८ मध्ये. आपल्याकडे कायदा, नियम, अधिकारी सगळं आहे. कोर्टाच्या बाकावर बसून त्या माणसाशी दोन शब्द बोलणारा मात्र नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबई–गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६, महाडहून पोलादपूरला येतो आणि पुढे कशेडी घाट ओलांडून खेड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. पोलादपुरातूनच आंबेनळी घाटाचा रस्ता महाबळेश्वरला फुटतो. महाडकडून वरंध घाट भोरला जातो. बिरवाडीच्या बाजूला एमआयडीसी, तिच्या पाळ्या, रात्री पाळी सुटल्यावर मोटारसायकलवर निघालेली पोरं. कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणपतीत एका बाजूने खुला झाला, महामार्ग चौपदरी झाला, आणि जुन्या घाटातल्या वळणांनी आपोआप रोखला जाणारा वेग आता रोखला जात नाही. गाव मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना तसंच आहे. शेळ्या, शाळेची पोरं, दूध घेऊन निघालेला म्हातारा याच रस्त्याला आडवे येतात.

या रस्त्यावर पिऊन गाडी चालवणारे दोन प्रकारचे. एक वाटसरू. तो ट्रकवाला असेल, गोव्याहून परतणारी मित्रमंडळी असतील, गणपतीला रातोरात गाव गाठायला निघालेला चाकरमानी असेल. नाकाबंदीत प्रामुख्याने हेच सापडतात, कारण नाकाबंदी महामार्गावर, थर्टी फर्स्टला आणि सणासुदीला लागते. दुसरा आपला गाववाला. तो महामार्गावर फार वेळ नसतोच. हळदीच्या रात्री मांडवाबाहेर बसून उठलेला, शिमग्यात पालखी नाचवून झाल्यावर बाटलीला बसलेला, बाजारच्या दिवशी हिशेब झाल्यावर दोन पेग मारलेला. त्याला गावच्या आतल्या रस्त्याने पाच-सात किलोमीटर जायचं असतं, आणि त्या रस्त्यावर पोलीस नसतो, खांबावर दिवा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढे वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर झालं, नगरपालिकांच्या हद्दींना सवलत मिळाली. त्या आदेशाचा हेतू चांगला होता, पण तो वाटसरूसाठी होता. गाववाल्याला दुकान कुठे गेलं ते दुसऱ्या दिवशी माहीत झालं.

देखरेखीचा खरा उपयोग या दुसऱ्या माणसासाठी आहे, आणि ही पुस्तिका मुख्यतः त्याच्यासाठी लिहिली गेली आहे. कायद्यालाही तेच अभिप्रेत आहे: ज्याला सोडायचं त्याचं किंवा त्याच्या जामीनदाराचं ठराविक राहण्याचं ठिकाण किंवा नेहमीचा कामधंदा कोर्टाच्या हद्दीत असला पाहिजे, अशी अट कलम ४ मध्येच आहे. लक्ष ठेवायचं तर माणूस नजरेच्या टप्प्यात हवा.

असा एक माणूस मला ठाऊक आहे. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. त्याची मिनीडोअर. हळदीहून रिकामी गाडी घेऊन परतताना सापडला, कबुली दिली, दहा हजार दंड झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा हजारांपर्यंत गेला आहे, सोबत सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्याला कैद झाली नाही. काही महिन्यांनी त्याची बायको जमिनीच्या सात-बाऱ्याचं काम घेऊन माझ्याकडे आली. मी सहज विचारलं, कसा आहे तो? ती म्हणाली, “दंड काय त्याने भरला काय, वकीलसाहेब? बचत गटातून मी उचलले. हप्ता अजून जातोय.” परवाना जमा होता तरी आतल्या रस्त्यावर गाडी चालूच होती, कारण घरातली कमाई तेवढीच. महामार्गावर जाता येत नसल्याने भाडं कमी झालं होतं, रिकामा वेळ वाढला होता आणि त्या वेळात तो जास्त पीत होता. जाताना ती दारात थांबली. “तुम्ही लोकांनी त्याला दर सोमवारी कुणाच्या तरी पुढे उभं करायला पाहिजे होतं. माझ्यापुढे उभं राहायची त्याला लाज वाटत नाही.”

कलम १८५ च्या शिक्षेचा अनुभव तिने जसा सांगितला तसा मला कुठल्याही निकालपत्रात वाचायला मिळाला नाही. दंड घरावर पडला. परवान्याची बंदी कागदावर राहिली. आणि ज्या सवयीमुळे गुन्हा घडला तिला कुणी हातही लावला नाही. तुरुंगात धाडला असता तर गाडीचा हप्ता थकून गाडी गेली असती, आणि बाहेर आल्यावर तोच माणूस, तीच सवय, फक्त हाताला काम नाही.

आणखी एक गोष्ट या गाववाल्याबद्दल समजून घेतली पाहिजे, कारण पुस्तिकेतलं एक संपूर्ण प्रकरण त्यावर आहे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची. शरीर मद्यार्क बाहेर टाकतं ते साधारण ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास. लिंबूपाणी, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ, यांनी ती गती वाढत नाही. आता हिशेब करा. रात्री बाराला ज्याच्या रक्तात १५० आहेत, त्याच्या रक्तात पहाटे सहाला साठच्या घरात असतील, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. तो झोपून उठलेला असतो, तोंड धुतलेलं असतं, देवाला नमस्कार करून गाडी सुरू केलेली असते. आपण शुद्धीवर आहोत याबद्दल त्याला मनापासून खात्री असते. त्याच्या मागे बाजाराला निघालेल्या बायका बसलेल्या असतात. ही सकाळची नशा नाकाबंदीत सापडत नाही. ती माहीत असते घरच्यांना, आणि जो माणूस त्याला आठवड्याला भेटतो त्याला.

देखरेखीबद्दल लिहिताना एक हद्द आधीच आखून घ्यावी लागते. ज्याने पिऊन गाडी चालवून माणूस मारला, त्याच्यासाठी ही पुस्तिका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलं की बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्याला परिवीक्षेचा लाभ सहजासहजी देऊ नये. चालकांना जरब बसणं हा तिथे महत्त्वाचा विचार आहे. मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात जण गाडीखाली गेले. सत्र न्यायालयाने त्या चालकाला सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. माझ्या मते हे निकाल योग्य आहेत. मेलेल्याच्या घरच्यांना देखरेखीच्या गोष्टी सांगायला जाणं हा त्यांचा अपमान आहे. पण नाकाबंदीत सापडलेला, कुणालाही इजा न केलेला, पहिल्यांदा कोर्टात आलेला माणूस वेगळा. तो उद्याच्या अपघाताच्या अलीकडे उभा आहे. त्याला तिथेच थांबवायचं तर दंडाची पावती पुरत नाही.

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ ला जे घडलं त्याने या विषयाचं मोठं नुकसान केलं. दोन तरुण अभियंते गेले, गाडी चालवणारा अल्पवयीन होता, आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. महाराष्ट्रभर संताप उसळला. तो रास्त होता. मात्र त्यानंतर कोर्टाने घातलेली कुठलीही अट म्हणजे निबंध, अशी समजूत लोकांच्या मनात बसली. आजही कोर्टाच्या आवारात मी देखरेखीचा विषय काढला की समोरचा विचारतो, म्हणजे निबंध लिहायला लावणार का? म्हणून इथे नीट सांगतो. तो जामीन होता, दोष ठरण्याआधीचा. परिवीक्षा दोष ठरल्यानंतर येते. देखरेखीचा आदेश दिलाच तर तो एका वर्षाहून कमी मुदतीचा असत नाही. बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचं असू शकतं. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगायला कोर्ट त्याला परत बोलावू शकतं. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र म्हणजे डोक्यावर टांगलेली शिक्षाच आहे, आणि ती टांगलेली आहे हे रोज आठवावं असा तिचा हेतू आहे.

मग अटी कोणत्या? यावर पुस्तिकेत सविस्तर लिहिलं आहे. मला ज्या दोन-तीन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात त्यांच्याबद्दलच इथे बोलतो.

‘आजपासून पिणार नाही’ अशी सही घेऊन माणसाला घरी पाठवणं धोक्याचं आहे. जो वर्षानुवर्षं रोज पितो त्याने एकाएकी सोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिट येऊ शकते, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. म्हणून पहिली अट डॉक्टरकडे जाण्याची हवी. ग्रामीण रुग्णालयात तपासणी, गरज असेल तर तिथून पुढे व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होणं, आणि मग दारूपासून दूर राहण्याची अट. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र अवचट दांपत्याने १९८६ मध्ये सुरू केलं. तिथल्या अनुभवातून मराठी माणसाने शिकण्यासारखी गोष्ट ही की उपचार संपल्यावर खरं काम सुरू होतं: पाठपुराव्याच्या भेटी, गटसभा, बायकांसाठी वेगळी बैठक. कोर्टाच्या अटीत हा पाठपुरावा लिहिता येतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जाण्याची अटही घालता येते. तिथे पैसे लागत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही.

परवान्याबद्दल वकिलांनी सावध राहायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० प्रमाणे कलम १८५ खाली शिक्षा करताना कोर्टाने किमान सहा महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवायचा आहे. दुसरीकडे परिवीक्षा अधिनियमाचं कलम १२ म्हणतं की या कायद्याखाली सोडलेल्याला शिक्षेला चिकटलेली अपात्रता लागू नाही. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा यावर वाद होईल, आणि आरोपीचा वकील तो घालणारच. माझं मत असं की हा वाद टाळावा. ‘ठरलेल्या मुदतीत वाहन चालवणार नाही’ ही अट सरळ बंधपत्रातच लिहावी. गुन्हा पुन्हा घडू नये यासाठी लागेल ती अट घालायचा अधिकार कलम ४ ने कोर्टाला दिलेला आहे. आमच्या मिनीडोअरवाल्यासारखा माणूस असेल तर त्या मुदतीत गाडी भाड्याने दुसऱ्याला चालवायला देण्याची व्यवस्था आधी व्हावी; घर उपाशी ठेवून पाळली जाईल अशी अट नसते.

तिसरी गोष्ट मोडलेल्या अटीची. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याने २००५ पासून एक पद्धत चालवली. मद्यपी चालकांनी दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, ठाण्यात येऊन श्वासाची तपासणी द्यायची. प्यालेला आढळला की लगेच एक-दोन दिवस कोठडी, मग पुन्हा तपासणी सुरू. शिक्षा छोटी, पण त्याच दिवशी आणि न चुकता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, जिथे ही पद्धत आली त्या परगण्यांत पुन्हा पिऊन गाडी चालवल्याच्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसेच्या अटका ९ टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. दुसरा आकडा मला पहिल्याहून मोठा वाटतो. गाडीसाठी घातलेल्या अटीने घरातली मारझोड कमी झाली. आपल्याकडे ती पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही. आपल्या कायद्यात तशी कोठडी नाही. कलम ९ प्रमाणे अट पहिल्यांदा मोडली तर कोर्ट बंधपत्र चालू ठेवून दंड करू शकतं. त्या दंडाची मर्यादा १९५८ मध्ये ५० रुपये होती आणि आजही ५० रुपयेच आहे. ही रक्कम बदलण्याची मागणी आता तरी झाली पाहिजे. तोवर एवढं होऊ शकतं की मोडलेली अट महिनोन्महिने कागदात न राहता त्याच आठवड्यात कोर्टापुढे यावी. हैदराबादच्या वाहतूक पोलिसांनी सापडलेल्या चालकाला घरच्या माणसासह समुपदेशनाला बोलवायला सुरुवात केली. त्यातला घरच्या माणसाला बरोबर घ्यायचा भाग आपण उद्याही उचलू शकतो.

आता सगळ्यात अडचणीचा प्रश्न: लक्ष ठेवायचं कुणी? महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे असतात. आमच्या रायगड जिल्ह्याचं कार्यालय अलिबागला. पोलादपूरपासून ते शंभराहून अधिक किलोमीटर दूर. त्या अधिकाऱ्यांच्या अंगावर बालकांची, महिलांची, संस्थांची कामं असतात, आणि ती कामं मागे ठेवण्यासारखी नाहीत. पोलादपूरच्या एका वाडीतल्या माणसाला आठवड्याला भेटायला त्यांनी यावं अशी अपेक्षा करणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

पोलीस पाटलाचं नाव लगेच सुचतं. मला ते पटत नाही. पोलीस पाटलाचं काम पोलिसांना खबर देण्याचं आहे. त्याच्याजवळ कुणी ‘काल रात्री मोह झाला होता’ असं कबूल करणार नाही. गावकीचं नाव त्याहून धोक्याचं. मी याच मातीतला आहे आणि गावकीने केलेली चांगली कामं मी पाहिली आहेत. पण रायगडमधल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनीही आपली मान खाली गेली आहे, आणि महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. एखाद्याच्या व्यसनाचा कागद गावकीच्या बैठकीत वाचला जाऊ लागला तर तो सुधारण्याऐवजी गाव सोडेल, नाहीतर जुन्या भांडणाचा सूड त्याच्यावर उगवला जाईल. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय ठेवायचा असं कलम ७ सांगतं. त्या गोपनीयतेला आमच्याकडे फार मोठी किंमत आहे.

वाट कलम १३ मध्ये आहे, आणि या पुस्तिकेतलं माझ्या जवळचं प्रकरण तेच. सरकारी अधिकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेचा माणूस यांच्याखेरीज, विशेष परिस्थितीत कोर्टाला योग्य वाटेल अशा कोणत्याही व्यक्तीला त्या प्रकरणापुरतं परिवीक्षा अधिकारी म्हणून काम देता येतं. शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, बॉस्टनच्या त्या कारागिराला आपल्या कायद्यात जागा मिळाली. निवृत्त शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेला चालक, आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या बाई, स्वतः दारू सोडून दहा-बारा वर्षं झालेला माणूस, अशी माणसं महाड-पोलादपुरात आहेत. त्यांना ठाण्याचा धाक लागत नाही आणि गावकीच्या राजकारणात त्यांना रस नसतो. एसटीच्या चालकाचं मला विशेष वाटतं. कशेडी आणि आंबेनळी ज्याने आयुष्यभर अंधारात, धुक्यात, जुलैच्या पावसात चालवली, त्याच्यापुढे ‘मी पिऊनही सरळ चालवतो’ असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. ही नेमणूक विशेष प्रकरणांपुरती आहे, सर्रास करता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण जिथे अधिकारी शंभर किलोमीटरवर आहे आणि घाटमाथ्याच्या वाडीला दिवसातून मोजक्याच गाड्या आहेत, तिथली परिस्थिती विशेष नाही तर काय?

चाकरमान्यांचा प्रश्न त्यातून सुटत नाही. पोलादपूरचा माणूस मुंबईत टॅक्सी नाहीतर टेम्पो चालवतो, गणपतीत गावी सापडतो आणि पुन्हा मुंबईला जातो. त्याला गावात राहण्याची अट घालणं म्हणजे त्याची नोकरी काढून घेणं. आदेशात नेमलेल्या अधिकाऱ्याच्या जागी दुसरा नेमण्याची सोय कलम १३ मध्येच आहे, आणि ती माणूस जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यालाही वापरता येते. ती वापरावी. बरेच चाकरमानी आपापल्या गावाच्या मुंबई मंडळाच्या खोलीत राहतात, आणि तिथे एकमेकांवर नजर असते. मात्र मंडळाला कागद दाखवू नये, त्याचं कारण वर दिलंच आहे.

एमआयडीसीतल्या पोरांबद्दल एक शब्द. एकवीस वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवण्याआधी परिवीक्षेचा विचार करणं आणि ती नाकारली तर कारणं लिहून ठेवणं कलम ६ ने बंधनकारक केलं आहे. वकिलांनी हे कलम विसरू नये. कलम ३ ची नुसती ताकीदही अशा प्रकरणात मागू नये. ताकीद देऊन सोडलेला पोरगा त्याच रात्री मित्रांना पार्टी देतो.

ही पुस्तिका वाचणाऱ्या तरुण वकिलांना एवढंच सांगायचं आहे की कबुलीच्या दिवशीच निकाल मागू नका. अशील ‘कबूल’ म्हणण्याआधी त्याच्याशी बाकावर बसून बोला, शक्य असेल तर बायकोला किंवा आईला बरोबर घ्या. कलम ४ चा अर्ज एका पानाचा पुरतो. त्यात डॉक्टरची तपासणी, वाहन न चालवण्याची मुदत, भेटीचा वार आणि लक्ष ठेवणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती एवढं असावं. कुणाला किरकोळ लागलं असेल तर कलम ५ खाली भरपाई देण्याची तयारी त्यातच लिहा. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल असेल तर कोर्टाने तो विचारात घ्यायचा असतो, म्हणून अहवालासाठी पुढची तारीख मागा आणि अशिलाला त्या तारखेपर्यंत थांबायला तयार करा. आदेश झाल्यावर अटी आरोपीला समजावून सांगायच्या आणि त्याची प्रत त्याला, जामीनदाराला आणि अधिकाऱ्याला द्यायची, असं कायद्याने कोर्टाला बजावलं आहे. ती प्रत मागून घ्या, मराठीत घ्या, आणि बायको सोबत आली असेल तर तिलाही वाचून दाखवा. अर्जाचा आणि बंधपत्राचा नमुना पुस्तिकेच्या शेवटी जोडला आहे.